भाकरीवरचं तूप

आई, तुझ्या नातीच्या नडगीचं हाड चिरलं, त्याला आता महिना झाला. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. ती चोवीस वर्षांची आहे, लांब पल्ल्याच्या शर्यती पळते. ऊन चढायच्या आत होटगी रोडनं पळून यायची, संध्याकाळी जिममध्ये वजनं उचलायची. त्या दिवशी ती पडली नाही, कुठे धडकली नाही. पळता पळता नुसतं चिरलं.

डॉक्टरीणबाईंनी हाडाचं सोडून आधी पाळीचं विचारलं. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, वर्ष होऊन गेलं, येत नाही. मी शेजारच्याच खुर्चीत होते आणि मला माहीत नव्हतं. तुझ्या घरात हे शक्य नव्हतं. तिथे आम्ही बाहेर बसायचो, वेगळं ताट, वेगळा तांब्या, आणि दूध घालायला येणाऱ्या बाईलाही कळायचं कुणाची तारीख कधी ते. मला मुलगी झाली तेव्हा मी ठरवलं, माझ्या घरात हे चालणार नाही. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण मग लक्ष कुणी ठेवायचं, ते ठरवायचं राहून गेलं.

बाई शांतपणे समजावत होत्या. इतकं पळायचं, खायचं कमी, त्यात तेल-तूप जवळजवळ बंद. हार्मोन्स तयार व्हायला शरीराला स्निग्ध पदार्थ लागतात; पुरवठा तुटला की शरीर आधी तेच काम थांबवतं, आणि मग हाडं ठिसूळ होतात. व्यायाम करणाऱ्या मुलग्यांचंही असंच होतं, त्यांचं फक्त उशिरा लक्षात येतं. मी मान हलवत होते. डोळ्यासमोर आमचं जेवणाचं टेबल होतं. ती शेंगांची चटणी टिशूपेपरवर पसरून तेल टिपून घ्यायची, आणि मी हसून म्हणायचे, सोलापूरची ना गं तू.

मग तुझं स्वयंपाकघर आठवलं. दादा तालमीतून आलाय, तू त्याच्या गरम भाकरीवर तुपाची धार धरतेस. मी शाळेच्या शर्यतीत पहिली आलेय, मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली रिबन अजून फ्रॉकवर आहे. मी ताट पुढे करते. तू वाटी मागे घेतेस. "पोरीच्या जातीला इतकं तूप नगं. लवकर न्हाण येतंय." मी पण पळते की, असं मी म्हणते. दादा म्हणतो, लई पळती, मांजर आडवं गेलं की थांबती. तू हसत नाहीस. चमच्याची मागची बाजू माझ्या भाकरीवरून जराशी फिरवतेस, तेवढंच.

ते तूप मी कितीतरी वर्षं मनात धरून होते. तू मुलगा-मुलगी करतेस असं वाटायचं, आणि ते होतंही. पण दवाखान्यात पहिल्यांदाच जाणवलं की तुला भीतीही वाटत असणार. तुपाचा आणि न्हाण येण्याचा काही संबंध असतो, हे तू कुठूनतरी ऐकलं होतंस. मी लवकर मोठी होऊ नये, मला लवकर कुणी मागणं घालू नये, म्हणून तू हात आखडत होतीस. तुझं स्वतःचं लग्न किती लवकर झालं होतं. हे कळल्यावर मला भरून यायला हवं होतं. आलं नाही. आम्ही रिक्षात बसलो आणि घरी आलो.

आता तिच्या ताटात तूप आहे, शेंगदाणे आहेत, आणि पळणं बंद आहे. ती औषध घेतल्यासारखी निमूट खाते. पाळी अजून आलेली नाही. येईल, म्हणाल्या बाई. कधी, ते सांगितलं नाही. आज दुपारी घास तसाच हातात धरून तिनं विचारलं, "आई, तू चिडलीयेस का?" मी नाही म्हणाले. "मग बोल की काहीतरी. महिनाभर नुसती वाढतीयेस." मी तिला अजून अर्धी भाकरी हवी का, असं विचारलं. ती उठून लंगडत खोलीत गेली.

दार उघडंच आहे. इथून उशीवर टेकवलेला तिचा पाय दिसतो. तिला सांगायचं ते सगळं मी तुला लिहीत बसले आहे, कारण तू मला उलटून काही विचारणार नाहीस.