कीबोर्डाची वर्गणी

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज तुमच्याशी बोलल्याशिवाय घास उतरेना. बारामतीतल्या तुमच्या टायपिंगच्या क्लासात खंडेनवमीला सगळ्या मशिनी पुसून, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून ठेवायच्या आणि दिवसभर कुणी हात लावायचा नाही, असा तुमचा दंडक. मी तेव्हा भवानीनगरहून एसटीनं येतो, दसरा झाला की लगेच परीक्षा, आणि माझा वेग काही केल्या वाढत नाही. दारात तोंड पाडून उभा राहिलो, तर तुम्ही एका मशिनीवरचं फूल उचलून बाजूला ठेवलंत. म्हणालात, "बस. पोराची परीक्षा अडवून कसली आलीय पूजा?" बोटांकडं बघून टाइप करतो म्हणून वर पट्टीही मारलीत, ते वेगळंच.

आता मी एका कंपनीचे कीबोर्ड वर्गणीवर देतो, बाई. गणपतीची असते तशी, फक्त ही दर महिन्याची आणि जन्मभराची. माल मात्र पक्का, तुमच्या मशिनींसारखा वर्षानुवर्षं टिकणारा. हे मी छाती फुगवून सांगतो. वर्गणी थांबली की तो आतून आपोआप बंद होतो, हे जरा हळू आवाजात.

यंदा खंडेनवमीला अंथुर्ण्याच्या टायपिंग क्लासातून फोन आला म्हणून गेलो. तिथले सर देवदर्शनाला गेलेले, वर्गणी भरायची राहिलेली, त्यामुळं सगळे कीबोर्ड बंद. एकच मुलगी बसलेली, परवा तिची परीक्षा. "काका, ह्यो बिघडला न्हाय, मग चालत का न्हाय?" खरं तर माझ्या फोनवरून दोन दिवसांची मुदत देऊन ते चालू करता येतात. पण दिली की वर साहेबाला दिसतं, मग बोलणी खावी लागतात. मी म्हणालो, सगळं कंपनीच्या हातात आहे. आणि निर्लज्जासारखा तिथंच लॅपटॉप उघडून या क्लासची वर्गणी थकल्याचा रिपोर्ट टाइप करायला लागलो. आता तोंड कुठं लपवू असं झालंय.

पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही. हे कुठं पाठवायचंही नाही, म्हणून लिहितो. दप्तर आवरता आवरता ती माझ्या हाताकडं बघत राहिली. न बघता एवढं भराभरा टाइप करायला कुणी शिकवलं, असं तिनं विचारलं. तुमचं नाव अगदी ओठावर आलं होतं, बाई. मी म्हणालो, "कुणी न्हाय गं. आपलं आपणच."