चोरलेली फांदी धरते

मोताळा,
पोळ्यानंतरचा रविवार

आदरणीय जानूभाऊ यांस,
धाकट्या बहिणीचा, म्हणजे बेबीचा, सविनय जय भीम.

आम्ही इकडं खुशाल आहो. तुमची खुशाली रेणुकावयनीनं फोनवर सांगतली. शुगर बरी आहे, अंधश्रद्धेवरची भाषणं चालू आहेत, फक्त गुरुवारपासून कंबर धरली आहे म्हणे. भाऊ, या वयात जड उचलू नये. गरम पाण्यानं शेका अन् वाकू नका. तुमच्या जवायाची, म्हणजे आमच्या माणसाचीही, कंबर गुरुवारपासूनच धरली आहे. हवाच तशी असन. (फोन सोडून पत्र काऊन, असं तुम्ही विचारसान. फोनवर तुम्ही एकदा सुरू झाले की मले 'ठेवू का' एवढंच बोलाले भेटते. पत्रात तुमाले मधी बोलता येत नाही.)

आपली रोपवाटिका सध्या फुलावर आहे. पाऊस सरत आला की तेरडा, गुलबाक्षी, कण्हेर सगळे एकदमच अंगात आल्यासारखे फुलतात. महालक्ष्म्या तोंडावर आहेत, म्हणून गिऱ्हाईकही आहे, पण गिऱ्हाईक कसलं! झेंडूचं वीतभर रोप हातात घेऊन एक गृहस्थ म्हणे, "याले फूल येईनच याची गॅरंटी काय?" मी म्हटलं, "पोरगा झाला तेव्हा तो पास होईन याची गॅरंटी मागतली होती का दवाखान्यात?" तो हसला नाही. रोपही नेलं नाही. तुमचे जवाई म्हणतात, तुझ्या तोंडानं धंदा बुडते. बुडते तर बुडो, पण तोंड बंद करून मले झेंडू विकता येत नाही.

आता खरं दुखणं सांगते. आपल्या भागात जाईचा वेल कोणी विकत घेत नाही. का, तर चोरलेली फांदी धरते अन् विकत आणलेली रुसते. तुम्ही म्हणसान ही अंधश्रद्धा आहे. हाव, आहेच! मीही गिऱ्हाइकाले तुमचंच भाषण म्हणून दाखवते, की बाई, पेरातून मुळं फुटतात म्हणून फांदी धरते, चोराच्या हातगुणानं नाही. बाया मान हालवतात, "खरं हाय वं बेबीताई" म्हणतात, अन् मी जराशी वळली की मागून 'कट्' असा आवाज येते. एक मास्तरीणबाई छत्री मिटून आल्या अन् मिटूनच गेल्या, बाहेर धो धो पाऊस पडत असताना. छत्रीतून जाईचा शेंडा डोकावून राह्यला होता.

अन् ही जाई म्हणजे कोणतीही जाई नाही, भाऊ, मायच्या हातची आहे. मायचं घर रस्त्यात गेलं तेव्हा मूळ वेल गेला. त्याच्या दोन फांद्या वाचल्या, एक तुमच्या अंगणात, एक माझ्या निळ्या ड्रमात. वर्षावासाच्या तीन महिन्यांत माय रोज संध्याकाळी पदरात फुलं घेऊन विहारात जाये, अन् आश्विन पौर्णिमेले ओंजळ भरून. ती गेल्यावर ते काम मी धरलं, एकही पौर्णिमा चुकू दिली नाही. तुमचा वेल यंदा मलकापूरच्या उन्हानं जळाला तेव्हा वयनी रडल्या. मी म्हटलं, भाऊ, फांदी देऊ का? तर तुम्ही म्हणाले, "बेबी, वेलात माय नसते. हरितद्रव्य असते. मले असल्या भावना जमत नाहीत." म्हणजे उरला तो एकच वेल, माझ्या ड्रमातला, अन् त्यालेच लोक रोज कुरतडून राह्यले होते.

मंग मी डोकं चालवलं. चोरायचंच आहे तर बिचाऱ्यांनी आरामात चोरावं. शेडच्या मागं एक चोरीचा कोपरा केला, बाहेरून आणलेली, मुळं फुटलेली जाईची रोपं तिथं बेवारस मांडली अन् वर पाटी लावली, 'हात लावू नये'. (पाटी नसती तर कोणी ढुंकूनही पाह्यलं नसतं.) आता चोरलेलं रोप घरी लावाले कुंडी लागते, शेणखत लागते, अन् ते माझ्याजवळच भेटते. बाया शेडच्या मागून पदर सावरत निघत अन् लाजत लाजत पुढून येऊन कुंडी मागत. धंदा असा चालला की माझं मलेच नवल वाटलं.

राखणीले तुमचे जवाई होते. त्यांचं काम एकच, खाटेवर पडून झोपेचं सोंग घेणं. पण शालिग्राम नावाचा माणूस किती सरळ, ते तुमाले माहीत आहे. पहिल्याच दिवशी एक बाई दबकत दबकत रोप उचलून राह्यली, तर हे डोळे मिटूनच म्हणाले, "बाई, ते नका घेऊ, बाजूचं घ्या, त्याची मुळं चांगली आहेत." बाई रोप तिथंच टाकून पळाली. तिची एक चप्पल अजून आमच्याकडं आहे.

कोपरा उठून दिसावा म्हणून मी मायच्या जाईचा ड्रमही तिथंच सरकवून घेतला. कळ्यांनी लदला होता नुसता! हीच माझी चूक झाली. गुरुवारी मी बाजाराले गेली अन् परत आली तर ड्रमाच्या जागी ओला गोल तेवढा. ड्रम नाही, वेल नाही. हे खाटेवर कंबर धरून. काय झालं विचारलं, तर म्हणे, "मले झोप लागली होती." भाऊ, या माणसाले दिवसा तुमच्या भाषणातही झोप लागत नाही! पण तेव्हा मले काही सुचलं नाही. मी त्या ओल्या गोलापाशी बसली अन् रडली. माय दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

रडून झाल्यावर राग आला, अन् राग आला की मले शेजारची पुष्पाबाई आठवते. तशीच तिच्या अंगणात घुसली. तिथं माझी कण्हेर होती, माझा मोगरा होता, माझी हरवलेली झारी होती, पण ड्रम नव्हता. पुष्पाबाई उलट माझ्यावरच तापली. "मी फांदीची चोर हाय, ड्रमाची नाही! माही इज्जत काढता का?" तिचे उकंडराव मधी पडले, म्हणे बेबीताई, हिले घागर उचलवत नाही, ड्रम कुठून उचलीन? मले पटलं. मी माफी मागतली, चहा घेतला, अन् रिकाम्या हातानं काय जायचं म्हणून कुंपणावरच्या गुलबाक्षीच्या बिया मुठीत घेतल्या. (तिचं लक्ष नव्हतं.)

तर असं आहे. चोराचा तपास आता सोडला आहे. वयनीले जय भीम सांगा, अन् त्यांच्या हातच्या लोणच्याची बरणी रिकामी झाली आहे हेही सांगा. कंबरेले जपा.

तुमची धाकटी बहीण,
बेबी

ता.क. शनिवारी दुपारी मी मलकापूरले येऊन राह्यली आहे. तेव्हा तुम्ही अंगणात नसावं. वयनीलेही आतच ठेवा. त्या मायेनं फांदी तोडून हातात देतील, "घ्या वं" म्हणतील, अन् मंग ती धरणार नाही. (मी अंधश्रद्धा मानत नाही. पण एकच वेल उरल्यावर जोखीम काऊन घ्यायची?)

ता.क. दुसरं. कोणती फांदी, कोणता वेल, असं भोळं तोंड करू नका. तो ड्रम एका माणसानं हालत नाही. दोघं लागतात, अन् दोघांच्याही कंबरा मंग एकाच गुरुवारी धरतात. आमच्या माणसाले मी काही विचारलं नाही. तुमाले शब्द दिला असन, तर तो राहू द्या. ड्रम मी परत नेणार नाही. माझ्याजवळून मागून नेला असता तर रुसला असता. चोरून नेला आहे, आता धरीन.

ता.क. शेवटचं. यंदा फुलं तुमच्या अंगणात उमलतील, तर आश्विन पौर्णिमेची ओंजळ तुम्हीच घेऊन या. मी विहारात आधीच बसलेली असन. फुलं कुठून आणली, हे विचारणार नाही. अन् त्या हरितद्रव्याले पाणी सकाळीच घालत जा, दुपारी नाही. मायले दुपारचं गार पाणी सोसत नसे.