दोन दारांची खोली

४ जानेवारी, सकाळ
निवड झाली. माजी सैनिकांच्या नव्या रुग्णालयाची नियोजन समिती, त्यात पायदळाचा प्रतिनिधी: मी. पुढच्या पंचवीस वर्षांत आमच्या लोकांना कुठले दवाखाने लागतील, कुठल्या सेवा लागतील, हे आता आम्ही ठरवणार. योग्य माणूस योग्य जागी.

नव्या वर्षाचा संकल्प: राग बंद. खरं तर मला राग येतच नाही. लोक आणतात.

४ जानेवारी, दुपार
हिने न सांगता मिक्सर सुरू केला. मिक्सर आता खाली अंगणात आहे. भांडं सापडलं, झाकण नाही. निवृत्त झाल्यापासून सांगतोय, मोठा आवाज करण्याआधी हाक मारत जा. बायको झाली म्हणून काय? ही भिंत पुसत राहिली.

संकल्प उद्यापासून.

११ जानेवारी
पहिली बैठक. अध्यक्ष मवाळ. आर्किटेक्टबाई वयाने अगदीच लहान, केसांत पेन्सिल खोचतात, शिस्त नाही. तोफखान्याच्या काकांना ऐकू येत नाही, म्हणून ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात. नौदलवाला मात्र मुळातच आगाऊ.

चर्चा: गुडघे, कान, नकली पाय, लांबच्या खेड्यांसाठी फिरता दवाखाना, फोनवरून डॉक्टर. सगळं मीच पुढे रेटलं. मग मनाच्या डॉक्टरबाई उठल्या. त्यांच्याकडे सध्या जुन्या इमारतीत एकच खोली आहे, नव्या इमारतीत अख्खा मजला हवा म्हणतात. मी विचारलं, कशाला? सैन्यात वेडे भरती करतात का? नौदलवाला म्हणाला की पायदळात त्याची चाचणी घेत नाहीत असं ऐकलंय बुवा.

मी शांतपणे उठलो. शांतपणे त्याची कॉलर धरली. त्याची कवळी टेबलावर पडली ती माझ्या ठोशामुळे नाही, ती सैलच होती. दातांचा विभाग मोठा हवा, हे त्यातून सिद्ध झालं. टेबलाची काच मात्र फुटली आणि माझा तळवा कापला. डॉक्टरबाईंनीच पट्टी बांधली. बांधता बांधता विचारलं की झोप कशी लागते. म्हटलं, दगडासारखी. ही दुसऱ्या खोलीत झोपते ते माझ्या घोरण्यामुळे.

बाईंवर छाप पडली. काहीतरी टिपून घेत होत्या.

१९ जानेवारी
हल्ल्याच्या आधी आम्ही वाळूत शत्रूचा मुलूख मांडायचो. टेकडी, नाला, पायवाट, सगळं हातभर जागेत. मग प्रत्येक जण बोट ठेवून आपली जागा सांगायचा. रुग्णालयही असंच मांडायला हवं. कागदावर काय, कोणीही रेघोट्या ओढतं.

गच्चीवर वाळू पसरली. शेजाऱ्याची. त्याला विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. अपघात विभाग, औषधांचं दुकान, व्यायामाचं दालन, दर्शनी भागात कवायतीचं मैदान. मनाचा विभाग म्हणून कोपऱ्यात एक काडेपेटी ठेवली. तीही जास्तच.

दुपारी शेजाऱ्याच्या मांजराने अपघात विभागात घाण केली. प्रतिहल्ला केला. कुंड्या संपल्या. मांजर सुखरूप, शेजाऱ्याच्या गाडीची काच नाही. शेजारी वर आला, तो माझ्या आधी हिच्याशीच बोलला, अगदी हळू आवाजात. हिने त्याची माफी मागितली. माझ्या वतीने माफी मागायचा हिला काय अधिकार?

२७ जानेवारी
ही स्वयंपाकघराला दुसरं दार करून घेते आहे. मागच्या लोखंडी जिन्यावर उघडणारं. म्हणाली, हवा खेळती राहील. चांगली कल्पना, मलाच आधी सुचायला हवी होती.

सुताराचं काम बघायला उभा राहिलो. त्याने फरशीवर हातोडा टाकला. इशारा न देता! पुढे काय झालं ते सुतार रंगवून सांगेल. मी एवढंच सांगतो की त्याच्या मानेवर माझा गुडघा फार वेळ नव्हता. हत्यारं टाकून पळाला. हल्ली कामाला माणसं टिकत नाहीत.

२ फेब्रुवारी
मी बैठकीला गेलो होतो तेव्हा दुसरा सुतार येऊन दार बसवून गेला. मूर्ख माणूस. कडी बाहेरून लावली आहे! जिन्याच्या बाजूने! आतून बंदच करता येत नाही. हिला दाखवलं. म्हणाली, असू द्या, मला चालेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. चोर शिरला तर?

१० फेब्रुवारी
आज हिचा जीव वाचवला.

कुकरची वाफ एकदम सुटली. कोणीही घाबरलं असतं. मी नाही. मी हिला धरलं, खाली पाडलं, अंगावर आडवा झालो, टेबल उलथवून आडोसा केला. सगळं क्षणात. शरीर विसरत नाही. मला वाटतं मी ओरडतही होतो, पण आदेश मोठ्यानेच द्यावे लागतात.

हिचं मनगट मोडलं. मनगट काय, जुळून येईल. जीव वाचला ना?

दवाखान्यात त्यांनी मला बाहेर बसवलं आणि हिला एकटीला विचारलं की कसं झालं. ही म्हणाली, पडले. एवढंच. बाकी माझ्या तत्परतेबद्दल एक अक्षर नाही. प्लास्टर कोपरापर्यंत. येताना रिक्षात ही कडेच्या दांड्याला चिकटून बसली होती, मी हात हलवला की दचकत होती. दुखत असणार.

१८ फेब्रुवारी
मोठा विजय.

डॉक्टरबाईंचा प्रस्ताव: नवी इमारत होईपर्यंत त्यांच्या जुन्या खोलीची मागची भिंत फोडून दुसरं दार करून द्या. नंतर नव्या इमारतीतही तशीच एक शांत खोली. एका खोलीला दोन दारं? कारण काय, तर माणसाचा तोल गेला की समोरच्याला अडकल्यासारखं होऊ नये. आणि घरच्यांना आत बसायची भीती वाटू नये. म्हणे, ही सूचना कुटुंबीयांच्या सभेतून आली. कोणा माजी सैनिकाच्या बायकोने सांगितलं की मी घरी असंच दार करून घेतलंय, तेव्हापासून निदान जेवण तरी शांतपणे करते.

मला त्या माणसाची कीव आली. बायको चारचौघांत जाऊन असलं बोलते आणि याला पत्ता नाही! आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी उठलो. म्हटलं, सैनिकाला दुसरं दार लागत नाही, मागचं दार पळपुट्यांचं. भिंत फोडू नका, त्या भिंतीपलीकडे ढालींचं कपाट करा. पलटणींनी जिंकलेल्या ढाली गोदामात सडताहेत. टेबलावर मूठ आपटली, नवीन काचसुद्धा तडकली. अध्यक्षांनी घाईने मत घेतलं. काकांनी दोनदा हात वर केला. माझा ठराव मंजूर. डॉक्टरबाई माझ्याकडे फार वेळ बघत राहिल्या. हरल्याचं दुःख, दुसरं काय.

१ मार्च
हिचा भाऊ आला. चार दिवस ताईला घेऊन जातो म्हणाला. मी म्हटलं, घेऊन जायला ती काय बॅग आहे? तो म्हणाला, भावोजी, तिच्या हाताकडे बघा. मग मेहुणा जिना जरा लवकर उतरला. शेवटच्या पायऱ्या तर त्याला लागल्याच नाहीत. गळपट्टीचं हाड बारीक असतं, त्यात माझा काय दोष?

ही गेली नाही. बसली समोर, नव्या दाराला पाठ लावून, आणि म्हणाली: तुम्ही त्या डॉक्टरबाईंकडे चला. मी बरोबर येते, आत बसते. पण आता आणखी एकदा असं झालं ना, तर मी जाईन, आणि परत येणार नाही. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, नवीन रुग्णालय झालं की पहिला मीच जाईन. म्हणाली, ते व्हायला सहा वर्षं आहेत. म्हटलं, तोवर मी बरा होईन. मग म्हटलं, बरा आहेच.

संकल्प: आजपासून खरोखर.

९ मार्च, सकाळ
अजून एकही वस्तू फोडलेली नाही. जबडा दुखतो, पण ते दात आवळल्यामुळे.

आज पुठ्ठ्याचं रुग्णालय. आर्किटेक्टबाईंनी एका रिकाम्या गोदामात नवी इमारत खऱ्या मापाची उभी केली आहे, सगळी पुठ्ठ्याची. भिंती, खाटा, खिडक्या. चाकाची खुर्ची वळते का, स्ट्रेचर दारातून जातं का, हे वीट रचण्याआधी बघायचं. म्हणजे माझीच वाळूची कल्पना, मोठी करून. कुटुंबीयांनाही बोलावलंय. हिला घेऊन जातो. बघू दे, नवरा काय काम करतो.

१० मार्च
गोदामाचं शटर कोसळलं. एवढं नक्की. बाकी लोकांनी सांगितलं ते लिहितो.

औषधांचं दुकान पहिल्या धडकेत पडलं. मग क्ष-किरण. सलाईनचा स्टँड हातात कुठून आला माहीत नाही. नौदलवाला आडवा आला, त्याचं नाक गेलं. (धाडसाने आला, मान्य करतो.) आर्किटेक्टबाई स्वागतकक्षाखाली सापडल्या, कपाळाला टाके. काकांना ऐकू न आल्यामुळे ते चाकाच्या खुर्चीत बसून हसत होते, मी त्यांना खुर्चीसकट उलथवलं. अपघात विभागात खरे अपघातग्रस्त पहिल्यांदाच आले. एक एक खोली साफ करत पुढे गेलो. पद्धत चोख होती, चूक काढायला जागा नाही.

शेवटची खोली. डॉक्टरबाईंचा प्रस्ताव नामंजूर होऊनही आर्किटेक्टबाईंनी ती शांत खोली बांधलीच होती. लाथ मारली. आत दोघं खाली बसलेले. मी स्टँड उचलला. त्यातल्या एकाने चेहऱ्यावर हात आडवा धरला.

हाताला प्लास्टर होतं.

हे मला कोणी सांगितलेलं नाही. हे मला आठवतं. प्लास्टर दिसलं आणि तरी हात खाली आला.

लागलं खाटेला. त्या दोघी तोवर दुसऱ्या दाराने बाहेर पडल्या होत्या. डॉक्टरबाई आणि ही.

सगळं रुग्णालय भुईसपाट. तेवढी खोली उभी होती. मी आत बसून राहिलो म्हणे, कोणी येईपर्यंत.

१४ मार्च
ही भावाकडे. घरात शांतता. मला हवी होती तशीच.

संकल्प: आपण फोन करायचा नाही.

तीनदा केला. तिन्ही वेळा मेहुण्याने उचलला आणि ठेवला.

१७ मार्च
हिने मध्यंतरी नवीन मिक्सर आणला होता, खोक्यातच होता. म्हटलं, एकदाच सिद्ध करू. मीच लावला, मीच बटण दाबलं, आधी स्वतःला मोठ्याने हाक मारली. सावध होतो.

टेबलाखालून बाहेर यायला बराच वेळ गेला. मिक्सर चालूच होता.

१८ मार्च
मागच्या जिन्यावर जाऊन स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढलं. कडी घातली. छान बसते, हात मोडलेला असला तरी एका हाताने लागेल अशी. आतला माणूस मग आतच राहतो.

सुतार मूर्ख नव्हता. हवेसाठी नव्हतं ते. सभेत बोलली ती हीच. आणि मी ज्याची कीव केली तो मी.

जिन्यावर बसलो. मला माझी लाज वाटली. एवढंच लिहितो, कारण याच्यापुढे काय लिहायचं ते माहीत नाही.

२० मार्च
अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, डॉक्टरबाईंच्या खोलीला दुसरं दार करा, माझा ठराव मागे घेतो. ते मवाळपणे म्हणाले की तुम्ही आता समितीवर नाही. आणि कपाट तर बसवून झालं, अगदी भिंतीत. ढाली सुंदर दिसतात म्हणाले, पाहायला या.

मेहुण्याचा फोन या वेळी हिनेच उचलला. मी म्हटलं, डॉक्टरबाईंकडे जातोय. येशील?

तिने आधी वार आणि वेळ विचारली. मग म्हणाली, येईन.

२३ मार्च
जुनी इमारत. डॉक्टरबाईंनी मला आतल्या खुर्चीवर बसवलं, स्वतः दाराजवळ बसल्या. जागा नाही हो, रागावू नका, म्हणाल्या. मी रागावलो नाही.

ही खरंच आली. प्लास्टर अजून निघालेलं नाही. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली. मी म्हटलं, आत ये ना, तू म्हणाली होतीस आत बसेन.

ती दारापर्यंत आली. खोलीत सगळीकडे नजर फिरवली, माझ्या मागच्या भिंतीवर जरा थांबली, आणि परत बाकावर जाऊन बसली. एकच दार आहे हो, म्हणाली.

भिंतीपलीकडे कोणीतरी ढाली पुसत होतं.