‘दुकान वाढवणार आहेत’

३ नोव्हेंबर, सोमवार
साप्ताहिकातून क्षमाचा फोन. समोरची जुनी, विटांच्या बांधणीची दुकानं पाडणार आहेत, त्याआधी त्यांच्यावर पाचशे शब्द. गुरुवारी सातपर्यंत.

खाली उतरलो. मुलुंडच्या या रस्त्यावर डोळ्यांसमोर काच, शटर, फ्लेक्स. मान वर केली तर दुसरंच — खिडक्यांवर चपट्या कमानी, विटा पंख्यासारख्या उलगडलेल्या, मधोमध मालाडचा पिवळट दगड. छपराखाली एक वीट पुढे, एक मागे, अशी दातेरी पट्टी. इतकी वर्षं समोर राहतो, आज पाहिलं.

दोरे-बटणांच्या दुकानातून शकुताई — “काय शोधताय भाऊ? कावळ्याचं घरटं?”
“कमान बघतोय.”
“बघून घ्या. देवदिवाळी झाली की मी दुकान वाढवते. कणकवलीला, बहिणीकडे जाते.”

दिवसातलं माझं पहिलं बोलणं बहुधा त्यांच्याशीच होतं. कधी कधी शेवटचंही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
लेख सातच्या आत गेला.

९ नोव्हेंबर, रविवार
छापून आला. मी लिहिलं होतं, ‘शकुताई दुकान वाढवणार आहेत.’ छापलंय, ‘दुकानाचा विस्तार करणार आहेत.’ डेस्कवर निधी नवी आहे. दुकान ‘बंद’ म्हणायचं नाही म्हणून ‘वाढवणं’ म्हणतात, हे तिला कोणी सांगितलं नसणार.

१० नोव्हेंबर, सोमवार
शेजारचा हार्डवेअरवाला राजेश पेपर घेऊन शकुताईंच्या दारात. “तुला बिल्डर मोठा गाळा देणार, आणि आम्ही काय येडे? मी नाही सही करत, जा!”

त्याची सही नाही तर पाडकाम नाही. आणि तोवर शकुताईंना गाळ्याचे पैसेही नाहीत. म्हणजे जाणं अडकलं.

“वाट लावलीत ना माझी, भाऊ? दुरुस्ती छापा. बहिणीनं खोली झाडून ठेवलीय.”

क्षमा म्हणाली, दोन ओळी पाठवा, गुरुवारी सातपर्यंत.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दोन ओळी लिहून तयार आहेत.

सकाळी शकुताई रागातच होत्या. तरी मी पुढे निघालो तेव्हा मागून विचारलं, “जेवण काय केलंत?”
“भात.”
“नुसता?”
डब्यात सोलकढी दिली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
साडेसात. क्षमाचे दोन फोन येऊन गेले. नोकरीत असताना एकही मजकूर उशिरा दिला नाही.

त्या दोन ओळी पाठवल्या नाहीत.