सौंदडचा खराद

कामठा,
१२ डिसेंबर १९५४

प्रिय दुधराम,

तुझं कार्ड मिळालं. मोजून चार ओळी. गुरुवारी खराद बैलगाडीत घालून सौंदड स्टेशनवर आणतो, तू गोंदियाला उतरवून घे, तुझ्या शाळेत ठेव, माझा हात गेला. झालं! सुमित्रावहिनींना विचारलंही नसशील. अरे, एकोणपन्नासाव्या वर्षी कुणाचा हात जातो का? धान कापताना हात चालतो, बैल आवरताना चालतो आणि पितळेचा तुकडा खरादावर चढवला की तेवढा जातो? जमुनाला कार्ड वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, भावजींना आधी चार शिव्या लिहा, मग बाकीचं लिहा. त्या चार लिहून झाल्या असं समज.

तो खराद आला तेव्हा मी सौंदडच्याच शाळेत मास्तर होतो. लढाईतलं उरलेलं सामान नागपुरात विकायला काढलं होतं, तिथून तू तो आणलास. गाडीतून उतरवताना लोकांनी पायाने चालवायची पट्टी पाहिली आणि दुधरामने शिवणाची मशीन आणली असं गावभर झालं. दुसऱ्या दिवशी दोघीजणी पोलक्याचं कापड घेऊन दारात हजर. वहिनी हसून हसून बेजार. आणि तू त्या बायांना रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाहीस. एकीच्या पाटाला पितळी गुंड्या करून दिल्यास आणि दुसरीच्या जात्याचा खुंटा सरळ केलास. त्यानंतर मी रोज शाळा सुटली की तुझ्या ओसरीवर. खरादावर फिरणाऱ्या लोखंडाला पातं लावलं की त्याची साल नागमोडी निघते हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं. मी शिकवायचो पोरांना, शिकलो मात्र तुझ्याकडे.

तुझ्यासारखं औजार देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तोंडावर स्तुती केलेली तुला चालत नाही, म्हणून लिहून करतो. लोक कुणाला पहार द्यायची तर बोथट शोधून देतात. तू नवी कानस देतोस आणि झिजलेली स्वतःला ठेवतोस. मी एकदा मागायला कचरत होतो, तर तू म्हणालास, "घेऊन जा ना बे, कायले लाजून राहिला?" वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत तेल लावून गुंडाळायचं, डब्यात घालायचं, छोट्या गाडीच्या गार्डच्या हाती द्यायचं. परत कधी आणतोस म्हणून विचारणं नाही. तुझी अट एकच, परत आणताना त्या औजाराने जे केलं ते दाखवायला आणायचं. मग तू ते उजेडात धरायचास, फिरवायचास आणि "जमलं" म्हणायचास. त्या एका शब्दासाठी मी कामठ्याहून गोंदियापर्यंत सायकल मारून पुढे गाडीने सौंदडला आलो आहे, हे तुला खरं वाटणार नाही.

आपल्या नंदलालचं आठवतं? दिवसभर विडी कारखान्यात बंडलं मोजणारा माणूस, पण सुट्टीच्या दिवशी घड्याळं उघडून बसतो. त्याने तुझा आटे पाडायचा टॅप भोकातच मोडला होता. तोंड एवढंसं करून आला आणि म्हणाला, दुधरामभाई, मार लो मुझे. तू तुकडा हातात घेऊन पाहिलास आणि म्हणालास, "मोडलं तं मोडलं. सांगितलं ना? मंग झालं." वर त्याला दुसरा टॅप दिलास आणि वहिनींनी पोहे दिले. येताना गाडीत नंदलालच्या डोळ्यात पाणी होतं. मी त्याची चेष्टा केली होती.

आता इंजिनाबद्दल. त्याबद्दल कुणी बोलू नये असं तुला वाटतं, हे मला कळतं. पण मला बोलावंच लागेल. दोन वर्षं तू त्या वीतभर वाफेच्या इंजिनासाठी घालवलीस. सिलिंडर वैशाखात तू पोखरलास, वहीत माप लिहिलंस आणि झडपा बसवायला तो नंदलालकडे गोंदियाला पाठवलास. आतला दट्ट्या भाद्रपदात तू वहीतल्या मापावरून केलास. सिलिंडर तिकडे, दट्ट्या इकडे. दोघांची गाठ पडली ती दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेच्या सकाळीच, नंदलाल छोट्या गाडीतून उतरला तेव्हा. दट्ट्या आत सोडला तर तो इतका सैल की सरळ तळाला गेला. तू वहीतलं माप तीनदा वाचलंस. दुसरा करायला वेळ नव्हता, अर्धं गाव जमून राहिलं होतं. वाफ भरली, चाक दोनदा फिरलं आणि थांबलं. सगळी वाफ बाजूने फुसफुसत बाहेर. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "दुधरामभाऊ, हे इंजन हाये का चहाची किटली?" सगळी मंडई हसली. तूही हसलास. मी तुझ्या शेजारी उभा होतो आणि मला हसता आलं नाही. वहिनी आत निघून गेल्या होत्या.

संध्याकाळी तू मला बाजूला घेतलंस आणि तुझा मायक्रोमीटर माझ्या हातात ठेवलास. इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत माप सांगणारा, आपल्या सगळ्यांत एकुलता एक. म्हणालास, "तुयाजवळ राहू दे. मले आता काय मापाचं हाये?" मी तो घेतला. नको म्हणायला हवं होतं, निदान तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण मी गाडी पकडली.

दुधराम, हाच मायक्रोमीटर मी आषाढात तुझ्याकडून नेला होता. शाळेच्या घंटेसाठी लोखंडी कांब घासायची होती आणि धरायला माझ्याकडे शिकंजा नव्हता. मी तुझ्या मायक्रोमीटरमध्ये ती कांब आवळली आणि दोन दुपारी वरून कानस चालवली. मापायच्या वस्तूचा मी शिकंजा केला. सोडला तेव्हा शून्य शून्यावर येत नव्हतं. मी घाबरलो. त्याच्या छोट्या किल्लीने नळी फिरवून शून्य जुळवलं, चिंधीत गुंडाळलं आणि घासलेली कांब घेऊन तुझ्याकडे आलो. तू कांब उजेडात धरलीस आणि "जमलं" म्हणालास. नंदलालने सांगितलं होतं, मी नाही सांगितलं. शून्य जुळलं म्हणजे सगळं जुळलं, असं मी स्वतःला पटवत राहिलो. कार्ड आल्यावर मात्र राहवलं नाही. परवा नंदलालबरोबर रेल्वेच्या शेडमधल्या एका फिटरकडे गेलो. त्याच्याजवळ ठरीव मापाच्या चकत्या असतात. तुझा मायक्रोमीटर शून्यावर खरा बोलतो, पण जिथे मी आवळला होता तिथे, नेमका तुझ्या दट्ट्याच्या मापाला, इंचाच्या हजारात सहा भागांनी जास्त दाखवतो. तू वहीतलं माप येईपर्यंत घासत गेलास आणि दट्ट्या तेवढाच बारीक झाला. सिलिंडर तू त्याआधी केला होतास, मंडईनंतर नंदलालने परत नेलेला तो सिलिंडरही त्याने सोबत आणला होता. फिटरने त्याच्या मापाने पाहिला आणि मान हलवून विचारलं, ये किसने बनाया? या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाइतकाही फरक नाही. तुझ्या हातात काही खोट नव्हती रे. खोटं मी बोललो, न बोलता. नंदलाल परतीच्या वाटेवर माझ्या पुढे पुढेच चालत राहिला आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. म्हणून गुरुवारी खराद गाडीत चढवू नकोस. गुरुवारी मीच येतो. पितळेची कांब आणतो, त्या फिटरने चार दिवसांसाठी दिलेला त्याचा मायक्रोमीटर आणतो. तू दट्ट्या कर, मी पाय मारत बसतो. तुला माझं तोंड पाहायचं नसेल तर कांब नि मायक्रोमीटर स्टेशनमास्तरजवळ ठेवून त्याच गाडीने परत जाईन. पण दट्ट्या तू कर. मग मला कधी साधी कानसही दिली नाहीस तरी चालेल.

तुझाच अपराधी,
कुंजीलाल