शेवटच्या पानानंतरचं पहिलं पान

४ मे २००३, रविवार
सानिकाची पुस्तकं आली. विहिरीखालच्या राज्याची गोष्ट, पाच भाग. दुकानदार म्हणाला, ते राज्य निर्माण कसं झालं ते चौथ्या भागात आहे. मग सुरुवात चौथ्यापासूनच, उत्पत्ती आधी. आमच्या गावी, नामपूरला, पोथी कुणी मधून उघडत नसे. जूनमध्ये ती निवासी शाळेत जाणार. उशिरा झालेली, एकुलती एक लेक. तोवर सगळे भाग दोघांनी मिळून वाचायचे, असं ठरलंय.

५ मे
एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून कामावरून आलो, हातपाय धुऊन वाचायला बसलो. सौ. हसली, "अहो, गोष्ट वाचताय की सत्यनारायण सांगताय?"
सगळीकडे अंधार. एक म्हातारी जमिनीत ठिणगी पेरते, पाणी घालते. ठिणगी उगवते आणि पहिली सकाळ होते. बॉयलरमधली आग रोज बघतो, तरी अंगावर काटा. म्हातारीच्या मनगटाला लाल फीत, असंही एक वाक्य होतं. पुढे गेलो.
सानिकाला जांभया. "अप्पा, यात कोणीच नाहीये. नुसती आजी आणि माती."

८ मे
आज म्हणाली, "तुम्हीच वाचा तुमची पोथी." लागलं.
चौथा भाग अर्धवट मिटला. देवाला हात जोडले आणि पहिला काढला. त्यात एक मुलगी विहिरीत पडलेली केसांची लाल फीत आणायला पायऱ्या उतरते. सानिका मांडी घालून बसली. "थांबू नका ना!"

२५ मे
तिसरा भाग संपला. ती मुलगी शेवटी अंधारात हरवली. सानिका धड जेवली नाही.

१ जून, रविवार
पुन्हा चौथा. तेच पान. अंधार, म्हातारी, फीत. सानिकाने माझा हात धरला.
"अप्पा. ही तीच आहे."
पुढे वाचवेना. हेच वाक्य मी महिन्यापूर्वी मोठ्याने वाचलं होतं. तेव्हा ती नुसती फीत होती. विहिरीत उतरलेल्या पोरीला जे राज्य सापडलं, ते तिनेच पेरलेलं. मग आधी काय, नंतर काय? कुणाला हे सुचलं असेल... देवघरात बराच वेळ बसलो.

१२ जून
चौथा संपला. सानिका पाचवा भाग उघडूच देत नाही. "वाचला की संपेल."
तिला सांगितलं, गावी पोथी संपली की तशीच बांधत नाहीत. शेवटची ओवी झाली की त्याच बैठकीत पहिली वाचायची, मग बांधायची. म्हणजे संपली असं होत नाही.


१४ जून
ट्रंक भरली. पाचवा भाग तिने स्वतः कपड्यांखाली ठेवला. "शेवटचं पान झालं की फोन करीन. तुम्ही लगेच पहिलं पान वाचायचं."
"कुठल्या भागाचं गं?"
"ते तुम्ही ठरवा."

२९ जून, रविवार
अजून फोन नाही. फोनशेजारी पहिला आणि चौथा, दोन्ही ठेवलेत. पायऱ्या, की ठिणगी? सौ. म्हणते, "वाजला की कळेल."
हातपाय धुऊन बसलोय.