बाबांची तबकडी

४ जानेवारी, रविवार

घेतला. म्हणजे पैसे भरले, हातात अजून काही नाही. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचा प्लेयर, जपानहून निघणार, मग समुद्र, मग कस्टम्स, मग माजिवड्याला प्रीतमचं दुकान, मग वर्तकनगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रीतम म्हणाला, सहा-सात आठवडे धरा.

बायकोला, मायाला, सांगताना मी बाबांना पुढे केलं. आमच्या गावच्या, मोहन्याच्या वाचनालयाला बाबांचं नाव देतायत, चौदा एप्रिलला उद्घाटन. तेव्हा बाबांचं गाणं वाजवायचंय. त्याची एकच तबकडी उरलीय, ती नीट कॉपी करायची तर मशीनही तसंच हवं. सगळं खरं आहे. फक्त क्रम उलटा आहे. मशीन मला तीन वर्षांपासून हवं होतं, आणि वाचनालयाचं धाकट्या भावाने, राकेशने, दिवाळीत सांगितलं.

माया एवढंच म्हणाली, की बाबांनी जन्मभर रेडिओवर भागवलं.

१८ जानेवारी

एकच व्हिडिओ नवव्यांदा पाहिला. एक टकलू जपानी माणूस हातमोजे घालून खोका उघडतो. बोलत काहीच नाही. मला सगळं कळतं.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या गुरुदत्तला समजावून सांगितलं — जुन्या प्लेयरमध्ये मोटर बाजूला असते, रबरी पट्ट्याने चकती फिरवते. पट्टा सैल झाला की गाणारी बाई दमल्यासारखी वाटते. यात पट्टाच नाही. मोटर थेट चकतीखाली. वेग हलायचा प्रश्नच नाही. अर्धा तास ऐकून घेतलं त्याने. सज्जन माणूस. मग विचारलं, ब्लूटूथ आहे का.

२ फेब्रुवारी

कस्टम्स.

३ फेब्रुवारी

अजून कस्टम्स.

८ फेब्रुवारी, रविवार

खाली जड दगड लागतो, नाहीतर घरातल्या माणसांच्या चालण्याने सुई थरथरते. ग्रॅनाइटची लादी कापून आणली. आता जागा. हॉलचा एकच कोपरा सरळ आहे, तिथे मायाचं शिलाई मशीन होतं. ते बाल्कनीत गेलं. ती काही बोलली नाही. न बोलण्याची तारीख लिहून ठेवतोय, पुढे उपयोगी पडेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आला!

दोन माणसांनी चढवला. त्यातल्या एकाने विचारलं, इंडक्शनची शेगडी का. मी हो म्हणालो. दम लागलेल्या माणसाला अजून काय सांगणार.

चकती हातात घेतली तेव्हा कळलं वजन कशाला म्हणतात. बटण दाबलं, फिरायला लागली, आवाज शून्य. कडेला बारीक ठिपके आहेत, वेग बरोबर असला की ते एका जागी उभे दिसतात. मी पण उभाच होतो. मग पाणसळ लावून पातळी बघणे, सुईचा भार मोजणे, परत पातळी. सकाळी दहाला सुरू केलं. चारला मायाने विचारलं, हा गातो पण का.

१ मार्च

आठवडा झाला. खरंखरं लिहायचं तर — आवाज अप्रतिम आहे आणि माझी वाट लागलीय. तीस वर्षं ऐकत आलेल्या सतारीच्या रेकॉर्डमध्ये कोणीतरी खुर्ची सरकवतं. आजवर कधी ऐकू आली नव्हती. आता मी सतार सोडून खुर्चीची वाट बघत बसतो. दोन गाण्यांमधली शांतता तर इतकी स्वच्छ की तीच परत परत लावतो.

लेक, अमृता, दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, बाबा, तुम्ही ऐकताय की तपासताय? मी सुईचा भार परत मोजला.

१५ मार्च, रविवार

मोहन्याला जाऊन तबकडी आणली. आई राकेशकडे असते, ऐंशीची झाली. तबकडी तिच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. देईना. झिजलीय, म्हणाली, काय ऐकायचं त्यात. मी म्हणालो, नवीन मशीन झिजलेल्यातूनही आवाज काढतं. राकेशने वाचनालयाचं काढलं तेव्हा कुठे दिली.

चौऱ्याहत्तर सालची. बाबा तेव्हा रेयॉनच्या कारखान्यात. वस्तीतल्या चार बायकांनी गायलेलं एक गाणं. मधल्या गोल कागदावर बाबांचं नाव अजून वाचता येतं — गीत : राघो. बाबांनी पुढे एकही गाणं लिहिलं नाही, या एकावर मोहन्यात कवी म्हणून जगले. त्या चार बायकांत आई आहे. सगळ्यात जाड आवाज तिचा, हे मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलोय.

२९ मार्च, रविवार

आई आलेली. मुद्दाम तिच्यासमोर पहिल्यांदा लावायचं म्हणून दोन आठवडे हात लावला नव्हता. खुर्ची बरोबर मधोमध ठेवली. राकेश, माया, अमृता, सगळे बसले.

मशीन काय आहे ते आज कळलं. चारही बायका वेगवेगळ्या उभ्या राहिल्या. बोट दाखवता यावं इतक्या. मी विचारलं, आई, तू यातली कुठची?

म्हणाली, एकपण नाही. तिचा आवाज घोगरा, म्हणून गाणं बसवणाऱ्या मास्तरांनी गाऊ दिलं नाही. टाळ्या तिच्या आहेत.

अमृता हसली, मग आम्ही सगळे हसलो, आईसुद्धा. मग तुला स्टुडिओत नेलं कशाला, मी विचारलं. म्हणाली, बायका मध्येच अडकायच्या. गाणं तिला पाठ होतं.

परत लावलं. तिसऱ्या ओळीला आई हळूच म्हणाली, "राखेत."

ओळ अशी आहे — चुलीपुढं बाळ माझं, अक्षर गिरवी रांगेत. मी सुई उचलून परत ठेवली. रांगेत. परत ठेवली. चौघी स्वच्छ रांगेत म्हणतायत.

मी म्हणालो, "आई, याच्यात श्वाससुद्धा ऐकू येतो. चुकीचा शब्द कसा ऐकू येईल?"

"असंल," ती म्हणाली.

३० मार्च

बाबांची वही काढली. त्यांच्या गोल अक्षरात, खाडाखोड न करता — रांगेत. आईला फोन करून वाचून दाखवलं. म्हणाली, बरं.

जिंकलो.

१० एप्रिल, शुक्रवार

अमृताने कॉपी लॅपटॉपवर घेऊन राकेशला पाठवली. त्याने उलट पाटीचा फोटो पाठवला. 'कवी राघो वाचनालय', निळ्यावर पांढरं. सुंदर झालीय. बाबा दिसले.

संध्याकाळी परत लावलं. चाळिसावी वेळ असेल. माया भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चुलीपुढं रांग कशी लागेल हो?"

जेवणावर लक्ष नव्हतं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, श्वास ऐकतो, खुर्ची ऐकतो. ओळ कधी ऐकलीच नाही. आणि घरात गाणं पाठ असलेलं एकच माणूस, त्याच्यावर मी वही घेऊन धावून गेलो.

११ एप्रिल

मोहन्याला जाऊन आलो. आई लसूण सोलत होती. विचारलं, राखेत हे तुला कसं माहीत.

"तूच बसायचास चुलीपुढं, बोटानं गिरवत. मला कुठं लिवता येत होतं? मी सांगत गेले, त्यांनी लिवलं. घाईत एक शब्द चुकला, मास्तरांनी कागदावरचाच गाऊन घेतला."

पाटीवरचं नाव बदलू का, विचारलं. नाव राहू दे, म्हणाली, शब्द तेवढा नीट करा.

राकेशने पाटी उतरवून परत रंगाऱ्याकडे दिली. आता दोन नावं येतील, आईचं — शांताबाई — आधी. आईला सांगितलेलं नाही.